सहा नंबरचे डोळे

मी परशराम पाटील, मूळचा येळ्ळूरचा, वय शहात्तर. सरकारी बसमध्ये आधी कंडक्टर होतो, मग निवृत्त होईपर्यंत तिकीट चेकर, बेळगाव-निपाणी-कोल्हापूर रस्त्यावर. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे मी जवळजवळ प्रत्येक माणसावर संशय घेतलेला तुम्हाला दिसेल आणि तुम्ही विचाराल, हा म्हातारा असा का? तर हा असा आहे, कारण आयुष्यभर त्याचं कामच ते होतं. बसमध्ये पाय ठेवल्याबरोबर कुणाकडे तिकीट नाही हे मला चेहऱ्यावरून कळायचं. जो खिडकीबाहेर फार मन लावून बघतो, तो. जो आपणहून नमस्कार करतो, तो.

लिहायला मला मुलांची ड्रॉइंगची वही आणि जाड काळं स्केचपेन लागतं. एका पानावर सात-आठ ओळी बसतात. माझी मुलगी रेखा ते नंतर टाइप करते. तुझ्याबद्दल वाईट लिहिलं असलं तरी एक शब्द गाळायचा नाही, असं तिला बजावलं आहे. लिहितोय ते वृद्धाश्रमात राहणाऱ्यांसाठी, आणि आपलं माणूस तिथं ठेवलेल्या लोकांसाठी. डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकदा जाणं सोपं असतं. कुणीतरी नेतं, चार लोक विचारपूस करतात. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, ठरलेल्या तारखेला जाणं, तिथं सगळा घोळ होतो. माझा झाला.

वस्तू नाहीशा होतात

बायको गेली आणि वर्षभरात मी न्हाणीघरात पडून खुबा मोडून घेतला. मुलगा बंगळूरला. रेखा बेळगावात, खासबागेत, दोन खोल्यांत सासू-सासऱ्यांसकट. तिला बोल लावत नाही, पण मी आनंदानं इकडे आलो असंही कुणी समजू नये. निपाणीच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत आमचा आश्रम आहे. पुरुषांच्या हॉलमध्ये बारा खाटा.

पहिल्या वर्षातच माझ्या लक्षात आलं की इथं वस्तू नाहीशा होतात. चहाचा पेला बाजूला ठेवावा, दोन मिनिटांत गायब. चष्म्याची डबी, कंगवा, तेच. आणि लोक गुपचूप अंगावर येतात. आमच्या हॉलची सेविका भारती, कोगनोळीची, चाळिशीची बाई. ती कधी चालत आलेली दिसायचीच नाही, एकदम कानाशी आवाज यायचा, "आप्पा, गोळी." मी दचकायचो आणि ओरडायचो.

"मांजरासारखी काय येतीस गं? काय उचलायला आलतीस?"

"अवो, समोरनं चालत आले की! पेला तर तुमच्याच हाताशी हाय."

पेला खरंच तिथं असायचा. मी मनात म्हणायचो, बाई हुशार आहे, बोलता बोलता परत ठेवते. तिच्यावर मी महिनाभर पाळत ठेवली. मग एके दिवशी जेवणाच्या खोलीत जाताना दाराच्या चौकटीवर डावी भुवई आपटून फुटली. चौकटीवर संशय घेता येईना, म्हणून रेखानं मला बेळगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

मशीनशी खोटं बोललो

तिथं अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या भांड्यासारख्या मशीनसमोर बसवतात. हनुवटी टेकवायची, समोर बघायचं, कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. उजव्या डोळ्याचं बरं झालं. डाव्याला कितीतरी वेळ काहीच चमकेना. मला वाटलं मशीन बंद पडलंय आणि ही पोरगी सांगत नाहीये. मग वाटलं, आपल्याला नापास करताहेत. म्हणून मी अंदाजानं बटण दाबायला लागलो.

"आप्पा, लाइट दिसल्यावरच दाबा हं," ती पोरगी म्हणाली. "मशीनला कळतं."

लोकांची तिकिटं तपासण्यात जन्म गेला, आणि शेवटी मीच विनातिकीट सापडलो. कानशिलं तापली माझी.

डॉक्टरीणबाई रेखापेक्षा लहान होत्या. म्हणून आधी मी त्यांचं काही मनावर घेतलं नाही. पण त्यांनी मशीनमधला कागद माझ्यासमोर धरला आणि डाव्या डोळ्याचा अर्धा भाग काळा झालेला दाखवला. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. "गेलेली नजर परत येणार नाही," त्या म्हणाल्या. "आहे ती राखायची. रोज संध्याकाळी थेंब आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. ही तपासणी चुकवायची नाही, आप्पा. थेंब पुरतायत की नाही ते त्याशिवाय कळत नाही."

म्हणजे भारती गुपचूप येत नव्हती. मला दिसत नव्हती. पेला कुणी नेत नव्हतं. गाडीत बसल्यावर मला रडू आलं, आणि ते आजाराचं नव्हतं. त्या बाईला महिनाभर मी चोर ठरवलं होतं.

भीती नंतर आली. आंधळा झालो तर संडासला कोण नेणार, एवढीच भीती. वाचन, टीव्ही, नातवंडांची तोंडं, हे सगळं मागाहून आठवलं. आधी संडास.

भारतीची मी माफी मागितली नाही. तसा माझा स्वभाव नाही. पण रेखानं तिला सगळं सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून ती पाच पावलांवरूनच बोलायला लागली. "आप्पा, मी भारती. तुमच्या डाव्या अंगाला हाय." एकदाही टोमणा मारला नाही. याचाही मला काही दिवस संशय होता.

आमच्यात सगळेच आप्पा

आता आश्रमाची एक पद्धत सांगितली पाहिजे, कारण सगळी गोष्ट तिथंच अडकली आहे.

आमच्या भागात म्हाताऱ्या माणसाला नावानं कुणी हाक मारत नाही. आप्पा नाहीतर अण्णा. हॉलमध्ये "आप्पा" म्हणून हाक आली की सात माना वळतात. त्यात पाटील तिघं. नाव घ्यावं तर सेविकांना तोंडभर नाव घेणं उद्धटपणाचं वाटतं. म्हणून आश्रमानं सोपा उपाय काढला होता, खाटेचा नंबर. गोळ्यांचा ट्रे नंबरानं, पथ्याचं जेवण नंबरानं, आणि ऑफिसातल्या फळ्यावर कुणाला कधी दवाखान्यात न्यायचं तेही नंबरानं. मी सहा नंबर. "सहा नंबरला बिनसाखरेचा चहा." गाडीचा ड्रायव्हर कन्नडच बोलतो, तो "आरु नंबर" म्हणायचा. निम्म्यांना मराठी हवं, निम्म्यांना कन्नड. नंबर दोघांनाही कळतो. वाईट हेतू काहीच नव्हता.

पहिली तपासणी दिवाळीच्या सुमारास नीट झाली. कोल्हापूर आम्हाला जवळ, पण आश्रमाची गाडी परमिटपायी कर्नाटकच्या हद्दीवरच्या नाक्यापलीकडे जात नाही, म्हणून बेळगावलाच गेलो. दाब उतरला होता. डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली.

मग मी दोन शहाणपणं केली.

पहिलं म्हणजे थेंबांची बाटली ट्रेमधून काढून घेतली. भारती रोज संध्याकाळी थेंब घालायची, आणि मला वाटायचं ही बाटली बदलते. थेंब पूर्वी चुरचुरायचे, आता चुरचुरत नाहीत.

"ह्यात पाणी मिसळलंयस का काय?" मी विचारलं.

"आप्पा, औषधात पाणी घालून मी काय करू? दूध हाय व्हय ते?"

"माझी बाटली माझ्याकडं ऱ्हाऊ दे. माझा मी घालतो."

ती एवढंच म्हणाली, "बघा, नीट घाला मग."

दुसरं शहाणपण खाटेचं. सहा नंबरची खाट मोरीच्या दाराशी होती. संक्रांतीनंतर खिडकीजवळची अकरा नंबरची खाट रिकामी झाली. तिथले अण्णा वारले. मी मॅनेजरसाहेबांशी आठ दिवस भांडून ती खाट मिळवली. माझी ट्रंक, माझी गादी, माझी बाटली, सगळं घेऊन अकरावर गेलो. चार दिवसांनी सहावर नवीन माणूस आला. मल्लाप्पा, हुक्केरीकडचा, ऐकायला कमी, कन्नडशिवाय दुसरं बोलत नसे. भिंतीला हात लावत लावत चालायचा. आम्हाला वाटलं, गुडघे दुखत असतील.

त्याच सुमारास भारती लेकीच्या बाळंतपणासाठी गडहिंग्लजला गेली, तीन महिन्यांच्या रजेवर.

"झाली की तपासणी"

शिवरात्र झाली, तपासणीचं कुणी बोलेना. पाडवा आला. मला उजव्या डोळ्यानंही खालच्या पायऱ्या धूसर वाटायला लागल्या होत्या. मी ऑफिसात गेलो. मॅनेजरसाहेब मवाळ माणूस, नेहमी कागदात डोकं.

"साहेब, माझी तारीख उलटून गेली."

त्यांनी वही काढली. बोट फिरवलं. "झाली की तपासणी, आप्पा. गेल्या महिन्यात. दाब नॉर्मल. पुढची सहा महिन्यांनी."

"मला कुणी नेलंच न्हाय!"

"नेलं होतं. हे बघा, टिक आहे."

टिक होती. मला ती काळ्या मुंगीसारखी दिसली, पण होती. मी म्हणालो, तुम्ही गाडी न नेताच टिक मारलीय, मी कंडक्टरांची असली बोगस हिशेबशीटं शेकड्यानं धरली आहेत. ते चिडले नाहीत. माझ्याकडे फार मायेनं बघितलं. ती माया मला ओळखीची वाटली. वेड लागलेल्या माणसाकडे तसं बघतात.

पुढच्या रविवारी रेखा आली. साहेबांनी तिला आधीच फोन केला होता.

"आप्पा, गेलतासा की तुम्ही. विसरलासा."

"न्हाय गेलो गं. देवाशपथ न्हाय गेलो."

"रिपोर्ट हाय त्यांच्याकडं. नॉर्मल आलाय. चांगलंच हाय की. कशाला सगळ्यांना धारेवर धरताय?"

नंतर ती व्हरांड्यात जाऊन भावाला फोन करत होती. डोळे गेले तरी कान चांगले आहेत माझे. "आप्पांचं आता डोकं पण..." एवढं ऐकलं. त्या आठवड्यापासून सकाळच्या गोळ्यांत एक पिवळी गोळी वाढली, डोकं शांत ठेवणारी. ती मी जिभेखाली धरून बाहेर जास्वंदीत थुंकत होतो.

मी स्वतःलाच तपासतो

हा भाग लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

आयुष्यभर मी दुसऱ्यांवर संशय घेतला. त्यात एक सुख असतं, आपण स्वतः शाबूत आहोत असं वाटतं. पण सगळेच एका सुरात म्हणायला लागले की तू गेला होतास, तेव्हा मला वाटलं, गेलो असेन का? भुवई फुटली तेव्हाही माझी खात्री होती की भारती चोर आहे. ती खात्री खोटी निघाली. मग ही कशावरून खरी?

मी खिडकीशी बसून सगळे थांबे म्हणायचो. काकती, होनगा, यमकनमर्डी, संकेश्वर, कणगले, निपाणी, सौंदलगा, कोगनोळी, कागल. मग उलटे. मग बायकोच्या माहेरच्यांची नावं. मग शेवटचे पाच दिवस काय जेवलो ते. सगळं आठवायचं. पण जे विसरलं ते विसरलंय हे आठवणार कसं? दवाखान्याच्या त्या दिवसाचा मी कसून शोध घेतला. गाडीतला वास, रस्त्यातलं काही, तिथली खुर्ची. दिवाळीची तपासणी लख्ख आठवत होती. त्यानंतर काहीच नाही. आणि डोळ्यांपुढचं धुकं तर रोज थोडं दाट होत होतं.

एक दिवस मी ठरवलं की गप्प बसायचं. वेडा ठरण्यापेक्षा आंधळा बरा. तीन आठवडे मी एक शब्द बोललो नाही. साहेबांना वाटलं पिवळी गोळी लागू पडली.

जांभळा अंगठा

भारती रजेवरून आली, पेढे घेऊन. नातू झाला होता. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, मी भारती. वाळलासा की लई."

मी तिला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. कदाचित तिला मी आधीच एवढं वाईट वागवलं होतं की आता आणखी काय बिघडणार होतं. ती मधे एकदाही "विसरलासा" म्हणाली नाही. सगळं ऐकून घेतलं.

"कागद बघू या की," ती म्हणाली. "टिक काय, कुणीबी मारतंय."

हे माझं वाक्य होतं. चेकरचं वाक्य. ते मला सुचायला हवं होतं. इतके दिवस मी माझं डोकं तपासत बसलो होतो, आणि तिकीट बघितलंच नव्हतं.

तिनं ऑफिसातून फाइल आणली. मी भिंग लावून तो शिवरात्रीच्या वेळचा दवाखान्याचा कागद बघायला लागलो. वर माझं नाव, माझं वय. मधे त्या दिवशीच्या कुणा दुसऱ्याच डॉक्टरचं इंग्रजी गिचमिड. खाली उजव्या कोपऱ्यात, जिथं पेशंटनं सही करायची, तिथं जांभळ्या शाईचा अंगठा.

"आप्पा, ह्यो तुमचा?"

मी आयुष्यात अंगठा लावलेला नाही. येळ्ळूरच्या शाळेत सातवी झालोय. परशराम पाटील अशी लफ्फेदार सही करतो, अजूनही, न बघता करतो. तो जांभळा डाग बघून मला जो आनंद झाला तो लग्नातही झाला नव्हता. मी वेडा नव्हतो.

"सहा नंबर म्हणून नेलंय," भारती हळू म्हणाली. फळ्यावर सहाच्या पुढे 'डोळे' लिहिलेलं तसंच राहिलं होतं. मी खाट बदलली, फळा कुणी बदलला नव्हता. ट्रेमध्ये थेंबांची बाटली असती तर गोळ्या वाटणाऱ्या कुणाच्याही ध्यानात आलं असतं की डोळ्यांचा माणूस आता अकरावर आहे. पण बाटली माझ्या ट्रंकेत होती.

आम्ही दोघांनी सहा नंबरच्या खाटेकडे बघितलं. मल्लाप्पा खांद्यावर टॉवेल टाकून भिंतीकडे तोंड करून बसला होता.

मी त्याच्या कानाशी जाऊन कन्नडमध्ये विचारलं. इथं मराठीत लिहितो.

"तुला डोळ्याच्या दवाखान्यात नेलतं?"

"हौद री, व्हय," तो खूश होऊन म्हणाला. "नेलतं की. मशीनवर हनुवटी ठेव म्हणाले, ठेवली. लाइट मारली. ड्रायव्हरनं येताना चहा पाजला. चांगला माणूस."

"तुझं नाव विचारलं न्हाय?"

"ड्रायव्हर बोलत होता सगळं. मला काय ऐकू येतंय?"

"कशाला नेतायत म्हणून इचारायचंस तरी!"

"कशाला इचारू? मला दिसतच न्हाय आप्पा, वर्ष झालं. कुणाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, ह्यांना आपणहून कळलं असंल." मग म्हणाला, "डॉक्टरांनी कानाशी येऊन सांगितलं, ऑपरेशन करू. मी वाट बघतोय. बोलावतील."

तीन महिने तो वाट बघत होता. नंतर कळलं, माझ्या नावाच्या कागदावर इंग्रजीत त्याचा मोतीबिंदू लिहिलेला होता, दोन्ही डोळे, पिकलेला, लवकर ऑपरेशन करावे. मॅनेजरसाहेबांनी ते वाचलं होतं. पण पाटलांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं तर कधीच झालीत हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांना वाटलं डॉक्टरचीच चूक झाली, आणि त्यांनी दाब तेवढा वहीत उतरवून फाइल मिटली.

मी तो कागद घेऊन ऑफिसात गेलो. लबाड माणसाला काय बोलायचं ते मी महिनोन्‌महिने घोकलेलं होतं. साहेबांनी अंगठा बघितला, फळा बघितला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आप्पा, चुकलं आमचं. मोठं चुकलं." समोर चोर नव्हताच. त्यामुळे माझा राग आणखीनच वाढला, कारण तो ठेवायला जागा उरली नाही. मी टेबलावरचा पाण्याचा तांब्या भिरकावला. लिहायला लाज वाटते, पण भिरकावला.

रेखा दुसऱ्याच दिवशी पहिल्या बसनं आली. कागदावर 'मोतीबिंदू' वाचून तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला. माझी दोन्ही ऑपरेशनं झाली तेव्हा हिरवी पट्टी तिनंच बांधली होती, तिनंच शिरा भरवला होता.

"आप्पा, मी वहीला इचारलं. तुम्हाला इचारलंच न्हाय."

मी त्या दिवशी तिला माफ केलं नाही. आता केलंय. टाइप करताना तिला कळेल.

थेंब कुठे पडतात

पुन्हा तेच पांढरं भांडं, तेच बटण. या वेळी मी अंदाजानं एकदाही दाबलं नाही. डाव्या डोळ्याची तपासणी चालू असताना खोलीत इतकी शांतता होती की ती पोरगी मधेच म्हणाली, "आप्पा, जागे आहात ना?" जागाच होतो.

डावा जवळजवळ संपला होता. कडेला थोडी हालचाल कळते, तेवढीच. उजव्याचाही दाब चढला होता, तो थोडक्यात वाचला. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, वेळेवर आलो असतो तर? त्या म्हणाल्या, "दाब चढतोय हे तेव्हाच कळलं असतं." मग त्यांना काहीतरी वाटलं. "पण थेंब तर रोज घालत होता ना? घालून दाखवा बरं."

मी बाटली काढली. मान मागे केली, रोजच्यासारखी बाटली उंच धरली, दाबली. थंड थेंब गालावर पडला आणि कानाकडे ओघळला. दुसरा भुवईवर. तिसरा पापणीवर बसला आणि मी डोळा मिटला.

"रोज असंच घालता?"

"व्हय."

भारती शेजारी उभी होती. तिनं पदरानं माझा गाल पुसला. तिनं मला त्या वेळी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. फळ्याची चूक आश्रमाची. तारखेची चूक आश्रमाची. पण रोजच्या थेंबांची चूक माझी होती, आणि तीही सहा महिन्यांची. तिच्या हातून ते डोळ्यात पडत होते, म्हणून चुरचुरेनासे झाले होते. डोळ्याला सवय झाली होती. मी संशयानं बाटली काढून घेतली आणि गालाला औषध पाजत राहिलो. माझ्या डाव्या डोळ्याचा हिशेब मी अजून मांडतो, आणि कुणाच्या नावावर किती घालायचं ते ठरत नाही.

सध्या

संध्याकाळी आठला भारती थेंब घालते. मी बाटली बघायला मागत नाही. म्हणजे, आठवड्यातून एकदा मागतो.

खाटेवर आता नंबराच्या वर नाव लिहिलंय, मराठीत आणि कन्नडमध्ये. फळ्यावरही नाव. ज्याला डोळ्यांची तारीख आहे त्याच्या गळ्यात सकाळीच कार्ड अडकवतात, त्यावर फोटो आणि काय तपासायचं ते. तरीही मी गाडीच्या दाराशी उभा राहतो आणि प्रत्येकाला पूर्ण नाव विचारतो. नुसतं आप्पा चालत नाही. बरेच वैतागतात. वैतागू देत.

तुमचं माणूस असं कुठं असेल तर वहीतली टिक बघून समाधान मानू नका. दवाखान्याचा मूळ कागद मागा आणि त्यावर जे लिहिलंय ते त्याच माणसाचं आहे का बघा. त्याला विचारा, कुठं बसवलं, कोण होतं, काय म्हणाले. त्याला आठवलं नाही तर लगेच त्याचं डोकं गेलं असं ठरवू नका, नेलंच नसेल. थेंब घालताना एकदा समोर उभे राहा. आणि तुम्ही स्वतः तिथं राहत असाल, तर तुमची तारीख तुमच्या हातानं, तुमच्या भिंतीवर, मोठ्या अक्षरात लिहा. साहेब रंग खराब होतो म्हणतील. म्हणू देत.

मल्लाप्पाचं पहिलं ऑपरेशन पावसाळ्यात झालं, दुसरं दसऱ्यानंतर. पहिली पट्टी निघाली तेव्हा मी समोर होतो. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आवाजावरनं वाटलं होतं लई दांडगा माणूस असंल," तो म्हणाला, आणि हॉलमधले सगळे हसले. मीही हसलो, पण मला त्याचा हेवा वाटला. त्याचं परत आलं, माझं येणार नाही. हे खरं आहे म्हणून लिहितो.

गेल्या तपासणीला आम्ही एकाच गाडीनं गेलो. माझा दाब आटोक्यात आहे. उजवा आहे तेवढा राहिलाय. परत येताना मल्लाप्पा डाव्या खिडकीशी बसला, मी त्याच्या शेजारी. यमकनमर्डी गेल्यावर तो सांगायला लागला. तंबाखूचे शेंडे खुडतायत. सात बायका आहेत. एकीनं डोक्याला लाल टॉवेल बांधलाय. बांधावर एक म्हातारा उकिडवा बसलाय आणि त्यांच्यावर ओरडतोय.

सात कशावरून, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मान पूर्ण वळवली असती तर उजव्या डोळ्यानं मोजता आल्या असत्या. मान थोडी वळलीही. मग मी ती सरळ केली.

"पुढं काय हाय?" मी विचारलं.